कशाच्या मानानं?

आमच्या घरात कुणी "यंदा उकाडा फार आहे" असं म्हटलं की माझी मुलगी वर न बघता विचारते, "कशाच्या मानानं?" तिने हा प्रश्न माझ्याकडून उचलला आणि मी शांताराम उतेकरांकडून. उतेकरांना जाऊन दीड वर्ष झालं. मुलीने त्यांना फार तर दोनदा पाहिलं असेल. प्रश्न मात्र घरात राहिला.

महाडच्या बाजारपेठेत आमच्या शेठची एजन्सी आहे. चहा पावडर, बिस्किटं, साबण, अगरबत्ती असा माल कंपनीकडून येतो आणि आमच्या गाड्या तो तालुक्यातल्या दुकानांत पोचवतात. मी तिथे सव्वीस वर्षं हिशेब पाहतो. उतेकर सेल्समन होते, माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठे. पोलादपूरची वरची लाइन त्यांच्याकडे होती. लाइन म्हणजे ठरलेल्या वारी, ठरलेल्या दुकानांची फेरी. दर बुधवारी आणि गुरुवारी गाडी पोलादपूर सोडून डोंगरात चढायची आणि एकतीस दुकानं करून उतरायची. दुकानं म्हणायची एवढंच. त्यातली निम्मी म्हणजे कुणाच्या तरी ओटीवरचं एक कपाट, एक तराजू आणि दोरीला लटकवलेल्या शांपूच्या पुड्या. त्याच रस्त्याच्या शेवटच्या वाडीत उतेकरांचं घर.

उंच, वाळलेला माणूस. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. छत्री सदऱ्याच्या कॉलरला मागे अडकवलेली, उन्हाळ्यातसुद्धा. चालताना ती पाठीवर हलत राहायची, त्यामुळे लांबून ओळखू यायचे. बोलणं कमी. आणि 'भरपूर', 'प्रचंड', 'काहीच नाही' असे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. चुकून "बराच पाऊस झाला" असं म्हणाले तर लगेच थांबून दुरुस्त करत. "बराच म्हंजे परवापेक्षा. गेल्या आठवड्यापेक्षा नाय."

हा स्वभाव लोकांना छळायचा. त्यांच्या पुतणीला स्थळ आलं होतं, तेव्हाची गोष्ट गाडीचा ड्रायव्हर अजून सांगतो. मध्यस्थ ओटीवर बसून मुलाचं कौतुक करत होता. "पोरगा एकदम हुशार. आख्ख्या वाडीत पयला नंबर."

उतेकरांनी चहा खाली ठेवला. "वाडीत शिकणारी पोरं किती हायत?"

मध्यस्थ जरा चाचरला. "तीन."

"त्यातला एक तर परवा नापास झाला ना?"

"हो, पण..."

"म्हंजे दोघांत पयला. बरं. आता रंगाचं सांगा."

लग्न झालं. मुलगा चांगला निघाला. उतेकर पुढे म्हणायचे, "चांगलाच हाय. पण हुशार म्हणून नाय. शांत हाय म्हणून."

इंग्रजी शब्द आमच्याकडे आले ते या माणसाच्या नशिबाने, असं मला कधी कधी वाटतं. झालं असं, की कंपनीने दर महिन्याच्या पाच तारखेला विक्रीचा आढावा संगणकावरून घ्यायला सुरुवात केली. पडद्यावर चार राज्यांतली माणसं, म्हणून भाषा इंग्रजी. प्रत्येक सेल्समनने दोन मिनिटं उभं राहून आपल्या लाइनची गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना सांगायची. त्यासाठी कंपनीने एक छापील कागद पाठवला. त्यात शब्दांची यादी होती: स्लाइट, मॉडरेट, शार्प, सिग्निफिकंट, ग्रॅज्युअल, स्टेडी. वर चढलं तर कोणता शब्द, खाली आलं तर कोणता.

बाकीच्या पोरांनी एकच वाक्य पाठ केलं. विक्री सिग्निफिकंटली वाढली. चार पेट्या वाढल्या तरी तेच, चाळीस वाढल्या तरी तेच. उतेकर शनिवारी दुपारी शंभर पानी वही घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन बसले.

"हिशोबनीस, हे स्लाइट म्हंजे किती?"

"स्लाइट म्हणजे थोडं."

"थोडं ते मला पण कळतं. किती?"

"तसा आकडा नसतो हो त्याला."

"आकडा नाय, मग हा शब्द हिशोबात कशाला घेतला?"

मी हिशेबाचा माणूस. ते मला लागलं. मग सलग चार शनिवार आम्ही दोघं बसलो आणि आमच्यापुरता तक्ता केला. एक टक्क्याच्या आत खालीवर असेल तर स्टेडी. एक ते पाच स्लाइट. पाच ते पंधरा मॉडरेट. पंधराच्या वर वाढ असेल तर सिग्निफिकंट, तेवढीच घट असेल तर शार्प. सलग तीन वर्षं एकाच दिशेला थोडं थोडं सरकत असेल तर ग्रॅज्युअल. हा तक्ता कुठल्या पुस्तकात नाही, पण आमच्या ऑफिसात अजून भिंतीला आहे. 'कम्पेअर्ड टू' हे दोन शब्द त्यांनी लाल पेनाने चौकटीत लिहिले. म्हणाले, "ही यादी राहू द्या बाजूला. खरा शब्द हाच. बाकीचे ह्याचे नातेवाईक."

त्यांची स्वतःची वही मी तेव्हा प्रथम नीट पाहिली. ती जानेवारी ते डिसेंबर अशी नव्हतीच. शिमगा, मे महिना, लावणी, गणपती, कापणी, अशी पानं होती. प्रत्येक पानावर वर्षं एकाखाली एक आणि पुढे पेट्यांचा आकडा. डोंगरातल्या दुकानाला महिना नसतो, सण असतो. शिमग्याला आणि गणपतीला मुंबईची माणसं गावी येतात, घरं उघडतात, चुली पेटतात, आणि ओटीवरचं कपाट चार दिवसांत रिकामं होतं. बाकीच्या दिवसांत एक पेटी पंधरा दिवस पुरते.

ही रीत त्यांनी दुकानदारांकडूनच घेतली होती. वरच्या वाड्यांमधल्या दुकानात भिंतीवर एका खिळ्याला पाच-सहा वर्षांची कॅलेंडरं एकावर एक टांगलेली असतात. नवं वर, जुनं खाली. काढून कुणी टाकत नाही. मी एकदा स्टॉकच्या मोजणीसाठी त्यांच्याबरोबर वर गेलो होतो. सुशीलाकाकू नावाच्या एक बाई दुकान चालवायच्या. गाडी थांबल्या थांबल्या सुरू झाल्या.

"ह्या वर्साला धंदा पार बसला बघा, भावजी. काय म्हंजे काय नाय."

"कशाच्या मानानं, काकू?"

"आता मानानं नि बिनानं! बसला म्हंजे बसला!"

उतेकर ओटीवर चढले. खिळ्याजवळ गेले, वरचं कॅलेंडर उचललं, खालच्यात शिमग्याचं पान काढलं. तिथे काकूंच्याच हातचं पेन्सिलीने लिहिलेलं होतं, बिस्किट नऊ. मग वरच्यात या वर्षीचं शिमग्याचं पान. बिस्किट नऊ.

"स्टेडी हाय तुमचा धंदा."

"ता काय असतं?"

"जागेवर हाय. बसला नाय, उठला पण नाय."

काकू हसल्या. "मग माझं गुडघं म्हणायचं ते."

आणखी एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. एका पावसाळ्यात कशेडी घाटात दरड आली. ट्रक अडकले, त्यांची रांग पार पोलादपूरपर्यंत. तीन दिवस ड्रायव्हर लोकांनी नाक्यावरच्या दुकानांतला चहा, बिस्किटं सगळं संपवलं. उतेकरांच्या नावावर त्या आठवड्यात बावीस पेट्या जादा लागल्या. मी त्या नेहमीप्रमाणे हिशेबात चढवल्या. त्यांनी स्वतःच्या वहीत मात्र त्या लाल पेनाने वेगळ्या लिहिल्या आणि बेरजेत धरल्या नाहीत. मी कारण विचारलं.

"ती विक्री माझी नाय, हिशोबनीस. दरडीची हाय."

महाडला मोठा पूर आला ते सालही त्यांच्या वहीत असंच चौकटीत वेगळं होतं. त्याच्यापुढे आकडा होता, शब्द नव्हता. "त्याला कशाशीच लावायचं नाय," एवढंच म्हणाले होते.

आता मुख्य गोष्ट.

कंपनीने एका वर्षी ठरवलं, की ज्या लाइनची विक्री गेल्या वर्षाच्या मानाने घटली असेल ती बंद करायची. अशा लाइनवरच्या दुकानांना महिन्यातून एकदा मोठी गाडी जाईल. तुलना एप्रिल ते ऑगस्टची, आणि यादी पाच सप्टेंबरच्या आढाव्यात पक्की होणार. उतेकरांची लाइन काठावर होती, हे शेठपासून हमालापर्यंत सर्वांना माहीत होतं. लाइन गेली तर आठवड्याची गाडी जाणार होती आणि तिच्याबरोबर उतेकरांचं काम. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

ऑगस्ट संपला. मी तक्ता केला. एप्रिल ते जुलै गेल्या वर्षी सहाशे चोवीस पेट्या, यंदा सहाशे तेरा. घट. पण ऑगस्ट गेल्या वर्षी एकशे अठरा, यंदा एकशे नव्वद. त्या एका महिन्यात एकसष्ट टक्के वाढ! एकूण बेरीज आठ टक्क्यांनी वर गेली. लाइन वाचली होती.

ऑगस्ट का फुगला ते मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी अधिक महिना होता, त्यामुळे गणपती सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बसले. दुकानदारांनी सणाचा माल सप्टेंबरात भरला. यंदा गणपती सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात, म्हणून तोच माल ऑगस्टच्या शेवटच्या दहा दिवसांत उचलला गेला. वाढ काही नव्हती. सण अलीकडे सरकला होता. पण माझी बेरीज चुकलेली नव्हती. प्रत्येक आकडा बिलाशी जुळत होता. तेवढ्यावर मी समाधान मानलं आणि तक्ता पाठवून दिला.

आढाव्याला आमचा एरिया मॅनेजर तन्मय पडद्यावर होता. पुण्याचा, तिशीतला, मनाने चांगला मुलगा. त्याला ती लाइन वाचवायचीच होती. त्याने इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं, की पोलादपूरच्या लाइनने सिग्निफिकंट इम्प्रूव्हमेंट दाखवली आहे आणि उतेकर त्याबद्दल दोन शब्द बोलतील. ऑफिसातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांवर गणपती होते, सगळ्यांना घरी पळायची घाई होती.

उतेकर उभे राहिले. कॉलरची छत्री काढून खुर्चीला अडकवली. वही उघडली.

"सर, नॉट इम्प्रूव्हमेंट. गणपती केम अर्ली."

पडद्यावर कुणीतरी हसलं. तन्मयला वाटलं ते गोंधळले. तो मराठीत आला. "उतेकर, ऑगस्टला एकसष्ट टक्के आहेत. तेवढंच सांगा."

"सर, कम्पेअर्ड टू लास्ट ऑगस्ट, सिक्स्टी वन. कम्पेअर्ड टू लास्ट गणपती, स्लाइट डिक्लाइन." मग वहीवर बोट ठेवून त्यांनी गणपतीआधीच्या पंधरवड्याचे चार वर्षांचे आकडे वाचले, इंग्रजीतच, सावकाश. एकशे चौसष्ट. एकशे साठ. एकशे सत्तावन्न. यंदा एकशे बावन्न. "थ्री इयर्स, डाऊन. ग्रॅज्युअल डिक्लाइन, सर. घरं बंद होत चालली हायत."

शेवटचं वाक्य मराठीत गेलं. ते इंग्रजीत कसं सांगायचं हे आमच्या तक्त्यात नव्हतं.

तन्मय आवाज खाली आणून म्हणाला, "उतेकर, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय? मी तुमची लाइन वाचवतोय."

"कळतंय साहेब. म्हणून तर इंग्लिशमदी बोललो. सगळ्यांना समजायला पायजे."

मी माझ्या तक्त्याकडे बघत बसलो होतो. त्या खोलीत हे माहीत असलेला दुसरा माणूस मी होतो.

संध्याकाळी मी त्यांना एस.टी. स्टँडवर गाठलं. रागावलो होतो, थोडा त्यांच्यावर, बाकीचा स्वतःवर. विचारलं, काय गरज होती? आकडे खोटे होते का?

"आकडे खरेच होते. तुमचे आकडे कधी चुकत नायत." हे ते चिडवायला म्हणाले नाहीत, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "पन हिशोबनीस, आज एकसष्ट घेतलं, तर पुढल्या वर्साचं टारगेट त्या एकसष्टावर चढणार. मग त्या पेट्या मी कुठं घालू? सुशीलाकाकूच्या कपाटात? तिच्याकडं बिस्किट नरम पडतं, उंदीर खातात, आनि ती मला भावजी म्हणते, म्हणून नको म्हणणार नाय."

मी म्हणालो, "आणि लाइन गेली तर?"

"जाईल. घसरली ती घसरलीच हाय. मी सांगितल्यानं घसरली नाय."

एस.टी. आली. ते चढले. माझ्याकडे वळून म्हणाले, "गणपतीला या एकदा वर. घर उघडं असतं."

लाइन पूर्ण बंद झाली नाही. तन्मयने वर काय सांगितलं कोण जाणे, पण कंपनीने मधला मार्ग काढला. गाडी आठवड्याऐवजी पंधरवड्याला झाली आणि उरलेल्या दिवसांत उतेकरांना महाड गावातली दुकानं दिली. घरून रोज पहाटेची एस.टी. धरायची त्यांच्यावर वेळ आली. वरच्या दुकानदारांना हे आवडलं नाही. सुशीलाकाकू तोंडावर म्हणाल्या, "तुमच्या जिभेनं आमची गाडी नेली, भावजी." उतेकरांनी ऐकून घेतलं. ते त्यांच्याकडे चहा मात्र घेत राहिले. काकू कपबशी जरा आपटून ठेवायच्या एवढंच.

पुढच्या वर्षी काय झालं ते मी हिशेबाचा माणूस म्हणून लिहितो. खालच्या एका लाइनने तोच फुगलेला ऑगस्ट टाळ्यांसकट घेतला होता. तिचं टारगेट वाढलं, सेल्समनने दुकानांत माल कोंबला आणि दिवाळीनंतर मुदत संपलेल्या एक्केचाळीस पेट्या परत आल्या. त्याचं नुकसान दुकानदारांनी आणि त्या पोराने मिळून सोसलं. उतेकरांच्या लाइनवरून तीन पेट्या परत आल्या. त्यातली एकही काकूंची नव्हती. मी हे आकडे त्यांना दाखवले. त्यांनी पाहिले, वही मिटली. म्हणाले, "तो पोरगा नवा हाय. त्याला आपला तक्ता द्या एक."

निवृत्त झाल्यावरच्या पहिल्या गणपतीत मी वर गेलो. पाचवा दिवस होता. दुपारी पाऊस उघडला होता आणि भाताला ओलं ऊन लागलं होतं. उतेकर ओटीवर बसून टाळ पुसत होते. अंगाने खूप उतरले होते. खूप, कशाच्या मानाने? निवृत्तीच्या दिवशी होते त्याच्या मानाने. चार महिन्यांत सदरा एक माप मोठा झाला होता.

त्यांच्याकडे गणपतीत सगळी वाडी मिळून घरोघर आरती करत फिरते. एका घरची झाली की टाळ वाजवत पुढच्या घरी. उतेकरांनी कोनाड्यातून वही काढली. मला वाटलं जुनीच. ती नवी होती. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'आरतीची घरं'. खाली वर्षं. सव्वीस, पंचवीस, तेवीस, एकवीस. आणि यंदाचं: बावीस.

"कोण वाढलं?" मी विचारलं.

त्यांनी चढावरच्या एका घराकडे हात केला. दारात नवं तोरण, अंगणात गवत कापून केलेली वाट. "मुंबईत असतात. अकरा वर्सं कुलूप होतं. ह्या वर्साला मूर्ती इथं आणली." मग लाल पेन माझ्यापुढे धरलं. "लिहा हिशोबनीस. एकवीसचं बावीस. तक्त्यात काय बसतं?"

मी मनात गणित केलं. पावणेपाच टक्के. "स्लाइट," मी म्हणालो. "स्लाइट इंक्रीज."

त्यांनी वहीत पाहिलं. मग चढाकडे. मग पेन माझ्या हातातून परत घेतलं आणि टोपण लावलं.

"नाय," ते म्हणाले. "ह्याला स्लाइट नाय लावायचं."

"मग काय लावू?"

"काय नको. आकडा राहू दे नुसता."

खालून पोरांच्या हाका आल्या, ओ मामा, चला, उशीर होतोय. उतेकर उठले. सवयीने छत्री कॉलरला अडकवली, टाळ हातात घेतले आणि माणसांच्या पुढे चढाला लागले. दोन ठिकाणी दम घ्यायला थांबले. छत्री पाठीवर हलत होती. शेवटी ते अंगणातल्या त्या नव्या वाटेवर वळले, आणि बाविसाव्या घरातून टाळांचा आवाज येऊ लागला.